पिवळा पट्टा, निळी रेषा

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की ख्यालीखुशालीच्या आधी एक प्रश्न येतो, "आयर्विनला किती फूट?" कृष्णेवरच्या या जुन्या पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ फुटांवर गेलं की धोका. २००५ मध्ये ते ५३ फुटांपुढे गेलं, २०१९ मध्ये ५७ फुटांपुढे, २०२१ मध्ये पुन्हा ५४ फुटांपुढे. सांगलीच्या शाळकरी पोरांनाही हे आकडे तोंडपाठ असतात.

पण साऱ्या सांगलीचा धोका एकाच फुटावर सुरू होत नाही. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड या भागांत पाणी इशाऱ्याची पातळी गाठायच्या आतच घराघरांतून गाद्या, गॅसच्या टाक्या आणि पोरांची दप्तरं बाहेर निघू लागतात. मिरजेच्या रस्त्याने विश्रामबागच्या पुढे जमीन चढत जाते. तिथल्या माणसाला हेच आकडे बहुतेक वेळा फक्त बातमीत वाचायचे असतात.

जमिनीचा उतार निसर्गाने दिला, त्याबद्दल कुणाशी भांडता येत नाही. त्या उतारावर कुणी कुठे राहायचं हे मात्र माणसांनी ठरवलं, काही ठिकाणी नकाशा काढून आणि बऱ्याच ठिकाणी नकाशा वेळेवर न काढून. पाच लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या शहरांत हा खेळ सगळ्यात उघडा दिसतो. मुंबई-पुण्याच्या जमिनीवर अभ्यासकांची, न्यायालयांची आणि वर्तमानपत्रांची नजर असते. सांगली-मिरज-कुपवाड (२०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ५ लाखांवर) आणि कोल्हापूर (साडेपाच लाख) अशा शहरांत तेच निर्णय शांतपणे होऊन जातात आणि त्यांची किंमत पुढच्या दोन पिढ्या मोजतात.

शहराचा नकाशा आधी काढावा आणि घरं मागून यावीत, हा विचार आपल्याकडे नवा नाही. मुंबई इलाख्यात नगररचनेचा पहिला कायदा १९१५ साली झाला. १९५४ च्या कायद्याने नगरपालिकांवर विकास योजना तयार करण्याची जबाबदारी टाकली. आज चालतो तो महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. या कायद्याखाली प्रत्येक शहराची एक विकास योजना असते, लोकांच्या तोंडी 'डीपी'. तिच्यात शहराच्या हद्दीतला प्रत्येक तुकडा कशासाठी वापरायचा ते रंगाने दाखवलेलं असतं. राहण्यासाठी पिवळा, व्यापारासाठी निळा, कारखान्यांसाठी जांभळा, शेती आणि मोकळ्या जागांसाठी हिरवा. शिवाय शाळा, बाग, दवाखाना, बाजार आणि रस्ता यांसाठी राखून ठेवलेल्या जागा, म्हणजे आरक्षणं.

या रंगांत केवढी ताकद आहे हे जमीन विकणाऱ्याला नेमकं कळतं. हिरव्यातली जमीन एकरावर विकली जाते, पिवळ्यातली चौरस फुटावर. "आपली जमीन येलोत आली" हे वाक्य सांगली-कोल्हापूरच्या आसपासच्या गावांत लग्न ठरल्याच्या आनंदाने सांगितलं जातं. मातीत काही बदललेलं नसतं, विहिरीचं पाणी तेवढंच असतं. सरकारी कागदावरचा रंग बदलतो आणि त्या एका बदलाने एका घराचं नशीब पालटतं. म्हणूनच हा रंग कोण, कधी आणि कुणाच्या सांगण्यावरून भरतो, हा शहराच्या राजकारणातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. निवडणुकीच्या भाषणांत मात्र तो क्वचितच ऐकू येतो.

कायद्याने ठरवलेली वाट अशी आहे. महापालिका योजना करण्याचा इरादा जाहीर करते. मग जमिनीचा सध्याचा वापर काय आहे याचा नकाशा तयार होतो. त्यावरून प्रारूप योजना प्रसिद्ध होते आणि राजपत्रात व स्थानिक वर्तमानपत्रांत सूचना छापून येते. नागरिकांना हरकती आणि सूचना द्यायला ३० दिवस मिळतात. हरकती ऐकायला एक नियोजन समिती बसते, तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि जास्तीत जास्त चार जाणकार. नंतर योजना सरकारकडे जाते आणि तिथे मंजूर होते. सगळी योजना वीस वर्षांतून निदान एकदा नव्याने तपासावी, असंही कायदा सांगतो.

वीस वर्षं. गावाहून आलेला एखादा हमाल मार्केट यार्डात कामाला लागला, तर त्याचं लग्न, मुलं, मुलांची शाळा आणि थोरल्याची नोकरी इतकं सगळं या एका योजनेच्या मुदतीत बसतं. त्यातही योजना वेळेवर मंजूर होणं हा अपवाद. इरादा आणि मंजुरी यांच्यामध्ये किती तरी पावसाळे जातात, तेवढ्या काळात शहर थांबत नाही. हळद, गूळ आणि बेदाण्याच्या बाजारपेठेत रोजगार असतो, मिरजेच्या दवाखान्यांत असतो, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत असतो. माणसं येतात आणि त्यांना या महिन्यात छप्पर हवं असतं.

आरक्षणाची गोष्ट याला जोडूनच येते. योजनेत एखाद्याच्या दोन एकरांवर 'बाग' असं लिहिलं जातं. ती जमीन महापालिकेने विकत घ्यायची, मोबदला द्यायचा आणि बाग करायची. पण मध्यम शहराच्या महापालिकेची तिजोरी पगार, पाणीपुरवठा आणि दिवाबत्तीत रिकामी होते. बाग होत नाही, मोबदला मिळत नाही आणि मालकाला घरही बांधता येत नाही. कायद्याचं १२७ वं कलम अशा मालकासाठी आहे. दहा वर्षं वाट पाहायची, मग नोटीस द्यायची आणि नोटिशीनंतरच्या मुदतीतही पालिकेने संपादनासाठी पाऊल उचललं नाही तर आरक्षण उठतं. ही मुदत पूर्वी सहा महिन्यांची होती, ती वाढत वाढत आता २४ महिन्यांवर गेली आहे. म्हणजे बारा वर्षं. वकील लावायची ऐपत असलेला मालक ही बारा वर्षं काढतो. ज्याला मुलीच्या लग्नासाठी आता पैसे हवेत, तो वेगळी वाट धरतो.

त्या वाटेचं नाव गुंठेवारी.

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, लांबी-रुंदीला तेहेतीस फुटांचा चौक. चाळीस गुंठ्यांचा एकर. एका एकराचं रीतसर रेखांकन मंजूर करून घ्यायचं तर नियमाने दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते, आतले रस्ते निदान नऊ मीटरचे ठेवावे लागतात, मोजणी, मंजुरीचं शुल्क आणि गटार-पाण्याची सोय यांचा खर्च येतो. रस्ते आणि मोकळी जागा वजा करता विकायला साधारण सव्वीस-सत्तावीस गुंठे उरतात आणि मंजुरीच्या फेऱ्यांत महिने, कधी वर्षं निघून जातात. तोच एकर चुन्याच्या फक्कीने रेघा मारून, बैलगाडीपुरती वाट सोडून तोडला तर तेहेतीस-चौतीस गुंठे विकता येतात, तेही याच आठवड्यात. घेणाराही अडलेला असतो. मंजूर प्लॉट त्याच्या आवाक्याबाहेर असतो, भाड्याच्या खोलीत संसार मावत नाही. मग स्टँपपेपरवर व्यवहार होतो, सातबाऱ्यावर दहा-बारा नावं एकत्र चढतात किंवा चढतही नाहीत, आणि घर उभं राहतं. अशा जागेवर बँका सहसा कर्ज देत नाहीत, त्यामुळे पतसंस्था, भिशी, बायकोचे दागिने असं जुळवून एकेक खोली वाढत जाते.

गुंठेवारीत राहणाऱ्याकडे झोपडपट्टीवाला म्हणून पाहणं ही मोठी चूक आहे. त्याने जागा पैसे मोजून विकत घेतलेली असते, सरकारी जमीन बळकावलेली नसते. त्याचा दोष एवढाच की जी विभागणी कायदेशीर करून देणं व्यवस्थेचं काम होतं, ती कुणीतरी बेकायदा केली आणि त्याने ती घेतली. सांगलीत ही माणसं इतकी होती की त्यांची चळवळ उभी राहिली. मोर्चे निघाले, आणि गुंठेवारी हा शब्द राज्याच्या राजकारणात गेला तो बऱ्याच अंशी या शहरामुळे.

राज्याने २००१ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. १ जानेवारी २००१ पूर्वीचे गुंठेवारीतले भूखंड आणि घरं प्रशमन शुल्क व विकास आकार भरून नियमित करता येतील, आणि त्या पैशातून तिथेच रस्ते, गटारं, पाणी द्यायचं, अशी त्याची कल्पना. २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ही तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आली. वीस वर्षांनी तारीख वीस वर्षं पुढे ढकलावी लागली, याचा अर्थ सरळ आहे. मधल्या काळात रीतसर, परवडणारे प्लॉट बाजारात आलेच नाहीत.

नियमितीकरण करावं की करू नये, यावर तावातावाने वाद होतात. एक बाजू म्हणते, नियम पाळून घर घेणारे मूर्ख ठरतात. तक्रार खरी आहे. पण लाखो माणसांना बेकायदा ठरवून नळजोडणीही नाकारणं हा उपाय होऊ शकत नाही. म्हणून नियमितीकरण करायलाच हवं होतं, आणि ते झालं हे बरंच झालं. त्याच्या जोडीला जे करायचं होतं ते मात्र राहिलं. घराला कागद मिळाला, पण सोळा फुटांच्या गल्लीचा नऊ मीटरचा रस्ता कागदाने होत नाही. तिथे अग्निशामक दलाचा बंब वळत नाही. खेळायला जागा सोडलेलीच नसते, ती नंतर कुठून आणायची? आणि जिथे पूर्वी पावसाचं पाणी वाहून जायचा ओघळ होता, तिथे आता कुणाचं तरी न्हाणीघर असतं.

शामरावनगर हे सांगलीतलं त्याचं ठळक उदाहरण. खोलगट भाग, काळी चिकण माती. या मातीत पाणी मुरत नाही, आणि वाहून जायच्या वाटा प्लॉट पाडताना बुजलेल्या. नदीला पूर नसतानाही मोठ्या पावसात इथल्या प्लॉटांमधून पाणी तुंबून राहतं, गाळात गाड्या रुततात आणि पोरं प्लास्टिकच्या पिशव्या पायांत बांधून शाळेला जातात. महापुरात हा भाग बुडतो, हे वेगळं. काळ्या रानाची ही जमीन स्वस्त होती ती याच कारणाने. जिथे पाणी साठतं तिथे भाव कमी, जिथे भाव कमी तिथे गरिबाचं घर. नकाशाने या साखळीत हात घालायला हवा होता. तो वेळेवर आला नाही आणि बाजाराने आपलं काम पूर्ण केलं.

आता नदीकडे वळू. पूरक्षेत्रात कुठे बांधायचं यासाठी महाराष्ट्रात जलसंपदा विभाग दोन रेषा आखतो. निळी रेषा साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीकाठ आणि निळी रेषा यांमधला भाग निषिद्ध. तिथे वाहनतळ, बाग, ओट्यांची भाजीमंडई, स्मशानभूमी असे मोकळे वापर चालतात, नवी घरं चालत नाहीत. पूर्वीपासूनच्या अधिकृत इमारतींची पुनर्बांधणी मात्र जलसंपदा विभागाच्या नाहरकतीने करता येते. निळ्या आणि लाल रेषेमधला भाग नियंत्रित. तिथे बांधकाम होऊ शकतं, पण ते लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच हवं.

'शंभर वर्षांतून एकदा' हे ऐकून माणूस निर्धास्त होतो. आजोबांच्या वेळी आला, आता नातवाच्या वेळी येईल, असा हिशेब मनात मांडतो. खरा अर्थ निराळा आहे. दर वर्षी त्या पातळीचा पूर येण्याची शक्यता एक टक्का, आणि गेल्या वर्षी येऊन गेला तरी यंदाची शक्यता तेवढीच. निळ्या रेषेसाठी ती दर वर्षी चार टक्के. आता गृहकर्जाच्या वीस वर्षांचा हिशेब करा. लाल रेषेवर घर असेल तर हप्ते फिटायच्या आत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता १८ टक्के. निळ्या रेषेवर असेल तर ५६ टक्के, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा वाईट. हा हिशेब घर दाखवणारा कुणीही सांगत नाही, आणि हप्ता ठरवणारी बँकही क्वचित सांगते.

शिवाय या रेषा जुन्या नोंदींवर आखलेल्या असतात. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी धोक्याची पातळी ४३ फूट. पंचगंगा २०१९ मध्ये तिथे ५५ फुटांपुढे गेली आणि दोनच वर्षांनी, २०२१ मध्ये, ५६ फुटांपुढे. इतक्या जवळ जवळ दोन विक्रम मोडले गेले तर ज्या नोंदींवर रेषा आखली त्या नोंदीच अपुऱ्या ठरतात. २०१९ च्या महापुरानंतर सरकारने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने प्रचंड पावसाबरोबरच पूरक्षेत्रातली अतिक्रमणं आणि बांधकामं यांच्याकडे बोट दाखवलं. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर सगळा दोष टाकून मोकळं होण्याची सवय लागलेल्या आपल्या चर्चेला हा निष्कर्ष फारसा रुचला नाही. तो रुचवून घ्यायला हवा, कारण अलमट्टीचे दरवाजे आपल्या हातात नाहीत आणि बांधकाम परवान्याचा शिक्का आहे.

नियमातली एक फट इथे नोंदवायला हवी. लाल रेषेपेक्षा वर बांधा, असं नियम सांगतो. ही उंची खांबांवर गाठली तर पुराचं पाणी खालून वाहून जातं. पण मुरूम आणि दगडमातीचा भराव टाकून गाठली, तर भराव जेवढी जागा व्यापतो तेवढं पाणी शेजाऱ्याच्या अंगणात जातं. एका अपार्टमेंटची सुरक्षितता म्हणजे मागच्या चाळीत दोन फूट जादा पाणी. प्रत्येक परवाना स्वतंत्रपणे नियमात बसतो, आणि पन्नास परवान्यांनंतर पूररेषाच सरकलेली असते. कोल्हापुरात नागाळा पार्क, रमणमळा, शाहूपुरी अशा जुन्या, सुस्थितीतल्या वस्त्यांतही पाणी शिरलं, ते या बाबतीत श्रीमंत-गरीब भेद न पाळता. पूरपट्ट्यात भराव टाकायला पूर्ण बंदी आणि बांधकाम फक्त खांबांवर, इतका सुटसुटीत नियम महापालिका कसोशीने पाळून दाखवू शकते. त्यासाठी नव्या अभ्यासाची गरज नाही.

कोल्हापूरचं दुखणं मात्र आणखी एका जागी आहे. १९७२ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली, पण हद्द नगरपालिकेचीच राहिली, सुमारे ६७ चौरस किलोमीटर. हद्दवाढीची मागणी दशकानुदशकं चालू आहे आणि आसपासच्या गावांचा विरोधही तितकाच जुना. गावांची भीती खोटी नाही. घरपट्टी वाढेल, शेतीवर आरक्षणं पडतील, ग्रामपंचायत जाईल आणि बदल्यात महापालिकेकडून मिळणार काय, असं ते विचारतात. शहरातल्या उपनगरांची अवस्था पाहिली की या प्रश्नाला उत्तर देणं अवघड जातं. दोन्हीकडच्या ओढाताणीत २०१७ मध्ये मधला मार्ग म्हणून ४२ गावांचं नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झालं. पण हद्द कागदावर अडली म्हणून घरं अडली नाहीत. पाचगाव, कळंबा, उचगाव, उजळाईवाडी इथे शहर कधीच जाऊन पोचलं आहे. पाणी एका संस्थेचं, रस्ता दुसरीचा, परवानगी तिसरीची, आणि सांडपाणी शेवटी पंचगंगेचं.

सांगलीने उलटं केलं. सांगली, मिरज, कुपवाड मिळून ९ फेब्रुवारी १९९८ रोजी एक महापालिका झाली. हद्द मोठी झाली, मोकळी जमीन आत आली. तरीही गुंठेवारी वाढली. म्हणजे नुसती हद्द वाढवून भागत नाही, वाढलेल्या हद्दीत पुढच्या वर्षीच्या घरांसाठी आखलेली जमीन तयार असावी लागते.

डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि आणखी काही क्षेत्रं वगळता साऱ्या राज्याला एकच नियमावली लागू झाली, एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. चटईक्षेत्र निर्देशांक किती, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येईल, हे तिने सगळीकडे जवळपास एकसारखं केलं. महापालिका क्षेत्रात मूळ १.१ आणि मग समोरचा रस्ता जितका रुंद तितका अधिमूल्य भरून किंवा टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, घेऊन वाढीव. तत्त्व योग्य आहे, रुंद रस्ता जास्त माणसं पेलतो. पण मध्यम शहरांत याचा परिणाम एकतर्फी झाला. रुंद रस्त्यावरच्या मोजक्या प्लॉटांना उंच इमारतींचा हक्क मिळाला, आणि अरुंद गल्ल्यांतल्या हजारो लहान घरांना दुसरा मजला रीतसर चढवणंही अवघडच राहिलं.

याहून मोठी उणीव पुढची. चार हजार चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावर प्रकल्प करणाऱ्याने वीस टक्के जागा लहान, परवडणाऱ्या घरांसाठी द्यावी, असा समावेशक गृहनिर्माणाचा नियम राज्यात आहे. पण महापालिकांपुरतं बोलायचं तर तो लागू होतो फक्त १० लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांना. सांगली आणि कोल्हापूर पाच लाखांची. सोलापूर साडेनऊ लाखांचं, तेही २०११ च्या आकड्याने बाहेर राहतं. ज्या आकाराच्या शहरात जमीन अजून आवाक्यात आहे आणि वेळीच हात घातला तर काही जमू शकतं, तिथे नियम लागू नाही. शहर दहा लाखांचं होऊन जमीन सोन्याच्या भावाची झाली की मग लागू होणार. ही मर्यादा पाच लाखांवर आणायला हवी.

दुसरा उपाय आपल्याच घरात जन्मलेला आहे. १९१५ च्या मुंबई इलाख्याच्या कायद्यातली नगररचना योजना ही अशी: शंभर शेतकऱ्यांची वेडीवाकडी शेतं एकत्र करायची, त्यातून रस्ते, बागा, शाळांच्या जागा काढायच्या आणि उरलेली जमीन चौकोनी, रस्त्याला लागून असलेल्या प्लॉटांच्या रूपात प्रत्येकाला परत द्यायची. जमीन आकाराने कमी होते, मोलाने वाढते. कुणाची सगळी जमीन जात नाही आणि कुणाच्या एकट्याच्या डोक्यावर बागेचं आरक्षण बसत नाही. पुण्यात भांबुर्ड्याचा परिसर असाच आखला गेला. राज्यं वेगळी झाल्यावर गुजरातने ही पद्धत नेटाने चालू ठेवली. अहमदाबादचा ७६ किलोमीटरचा सरदार पटेल रिंग रोड काढताना तिचा मोठा आधार झाला. गुजरातच्या १९७६ च्या कायद्यात अशा योजनेतली दहा टक्क्यांपर्यंत जमीन दुर्बल घटकांच्या घरांसाठी राखण्याची तरतूदही आहे. महाराष्ट्रात कायद्यातली प्रकरणं कायम राहिली, वापर मात्र बराच काळ जवळजवळ थांबला. आपला भर आरक्षण टाकून मग ते उठवण्याची वाट पाहण्यावर राहिला. मिरज आणि कुपवाडकडच्या उंच, अजून मोकळ्या जमिनीवर अशा चार-पाच योजना झाल्या तर नदीकाठच्या काळ्या रानात गुंठा घेण्याची वेळ कित्येकांवर येणार नाही.

हे कोण ठरवणार? कायद्याच्या पुस्तकात उत्तर 'महापालिका' असं आहे. पण कोल्हापूरच्या नगरसेवकांची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि सांगलीच्या ऑगस्ट २०२३ मध्ये. त्यानंतर काही वर्षं दोन्हीकडे प्रशासक होते. म्हणजे नवी नियमावली लागू होण्याच्या, महापुरातून सावरण्याच्या आणि पूररेषांवर वाद होण्याच्या काळात, लोकांनी निवडलेलं सभागृह आधी कोल्हापुरात नव्हतं आणि मग सांगलीतही राहिलं नाही. अधिकारी चांगले असतील, मेहनतीही असतील. तरी सूर्यवंशी प्लॉटमधल्या बाईला रात्री दार ठोठावता येईल असा नगरसेवक ही वेगळी गोष्ट आहे.

योजना मंजूर झाल्यावरही रंग बदलत राहतात. कलम ३७ खाली किरकोळ फेरबदल करता येतो. त्याचीही सूचना वर्तमानपत्रात छापून येते, हरकती मागवल्या जातात. सर्व्हे नंबर आणि गट नंबरांनी भरलेली ती बारीक अक्षरातली जाहिरात आपण बहुतेक जण पान उलटून टाकतो. बागेचं आरक्षण तिथेच उठतं. हिरव्याचं पिवळं तिथेच होतं.

म्हणून मध्यम शहरात राहणाऱ्या वाचकाला एक विनंती. पालिकेच्या नगररचना विभागात जा आणि आपल्या प्रभागाचा विकास योजनेचा नकाशा पाहायला मागा. तो सार्वजनिक कागद आहे. आपलं घर, आपल्या मुलांची शाळा, जवळचा नाला आणि पूररेषा त्यावर शोधा. घर घेणार असाल तर सातबारा आणि बांधकाम परवान्याबरोबर पूररेषेचा दाखलाही मागा, आणि देणारा टाळाटाळ करत असेल तर थांबा. प्रारूप योजना जाहीर झाली की ३० दिवसांच्या आत हरकत लेखी द्या, पोच घ्या, सुनावणीला हजर राहा आणि शेजारच्या चार घरांनाही बरोबर न्या. ज्यांच्या जमिनीचा रंग बदलायचा आहे ते तिथे वकील घेऊन आलेले असतातच.